सिगारेट सोडताना फार्मासिस्टची मदत घ्यावी का?

प्रश्न (सिडको, नाशिक): माझे यजमान सातपूरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतात आणि सकाळी उठल्याउठल्या सिगारेट पेटवतात. आता सोडायचे त्यांनीच मनावर घेतले आहे, परंतु डॉक्टरांकडे जायला ते राजी नाहीत. मेडिकलमधील फार्मासिस्टना विचारून निकोटिन गम घेतले तर चालेल का?

उत्तर (फार्मासिस्ट, पंचवटी): ताई, अवश्य विचारा, फक्त संध्याकाळच्या गर्दीत नको. 2 मिलिग्रॅमचे गम चिठ्ठीशिवाय मिळते, पण ते साध्या च्युइंगगमसारखे सतत चघळले तर उचकी लागते आणि मळमळते. तिखट चव जाणवताच थांबून ते गाल व हिरडीच्या मध्ये ठेवावे, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चघळावे, आणि असे साधारण 30 मिनिटे करावे. चहा-कॉफी घेतल्यावर 15 मिनिटे थांबावे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्यांना मात्र बहुधा 4 मिलिग्रॅमची मात्रा लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी हवी.

उत्तर (इंदिरानगर): यजमानांना दम्यासाठी थिओफिलिन चालू असल्यास फार्मासिस्टना ते आधी सांगा. धुरातील घटकांमुळे हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते; धूम्रपान थांबले की रक्तातील त्याचे प्रमाण वाढते, म्हणून डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी लागते. ही गोष्ट सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर (गंगापूर रोड): सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा क्रमांक निःशुल्क आहे. डॉक्टरांसमोर बसण्याचा संकोच असेल, तर आधी तिथे बोलून पाहावे.