'पेसिंग'ला मराठीत काय म्हणावं?

एक शब्द पायजे. 'द वायर' ह्या पोलीस अन् ड्रग्जवाल्यांवरच्या अमेरिकन मालिकेचा शेवटचा, म्हणजे पाचवा सीझन परत बघून झाला अन् त्यावर लिहायला बसलोय, पण 'पेसिंग गंडलंय', म्हणजे गोष्ट कुठं किती वेळ घेती ते जमलं नाही, हे मराठीत कसं म्हणावं तिथंच अडकलो. आधी 'गती चुकली' लिहिलं अन् धाकट्या भावाला वाचून दाखवलं, तर तो म्हणला, चुकली म्हणजे हळू झाली का फास्ट? त्याचं बरोबरच हाय कारण इथं दोन्ही झालंय. आधीचे सीझन १२-१३ एपिसोडचे, २००८चा हा फक्त १०चा, त्यात पेपरच्या ऑफिसचं आख्खं नवीन कथानक, मॅकनल्टी ह्या पोलिसानं उभा केलेला तो खोटा सिरीयल किलर, ड्रग्जवाल्या मार्लोला पकडायचंय ते वेगळंच, अन् चौथ्या सीझनमधी ज्या शाळेतल्या पोरांना आपण १३ एपिसोड जीव लावला त्यांच्या वाट्याला दोन-दोन मिनिटं. त्यातलाच डुकी जुन्या सरांकडं पैसे मागायला येतो तो सीन बघा. तिथं जरा थांबावं वाटतं अन् तेवढ्यात सीन बदलतो.

—

भाऊ, आपल्याकडं बिघाडाचे शब्द रग्गड आहेत. लांबलं की चऱ्हाट, पाल्हाळ, गुऱ्हाळ. आमची आजी पैठणकडची, ती पण 'काय भारूड लावलंय' म्हणायची, मला ते कधीच पटलं नाही, नाथांची भारुडं कुठं कंटाळवाणी आहेत? घाईला गुंडाळणं अन् उरकणं, पण दोन्ही एक नाहीत हं. गुंडाळलं म्हणजे अर्धवट टाकून दिलं. इथं तसं नाही, शेवटच्या दीड तासाच्या एपिसोडमधे जवळपास प्रत्येकाचं काय झालं ते दाखवलंय. म्हणून 'उरकलं' लिहा. लय गाण्याला ठीक, ओघ भाषेला.

—

ताईंचं पटलं, पण 'उरकलं' नुसत्या घाईचं झालं, दाट अन् विरळ एकाच वेळी कसं सांगणार? आमच्याकडं औश्याला पेरणीत आई चाड्यावर, म्हणजे तिफणीच्या बी टाकायच्या वाटीवर, मूठ धरायची. बैल आपल्या चालीनं चालत राहतेत, सगळा खेळ मुठीतून बी किती सुटतंय त्याचा. मूठ ढिली पडली की दाट, मग विरळणी करत बसा. आखडली की नांगे, म्हणजे मोकळ्या जागा पडतेत, ते आठ-दहा दिवसांनी उगवण झाल्यावर दिसतेत, पेरताना कुणालाच कळत नाही. पेसिंग म्हणजे मला तर ही मूठच वाटती. पेपरचं ऑफिस दाट पेरलं अन् पोरांच्या ओळीत नांगे पडले.

—

'शेवटच्या सीझनला मूठ सांभाळता आली नाही' असं लिहून भावाला परत वाचून दाखवलं. ह्या वेळी हळू का फास्ट विचारलं नाही त्यानं, कुठं दाट अन् कुठं विरळ ते विचारलं.