डिपार्टमेंटचे सगळे उपक्रम संध्याकाळीच का? गावाकडनं येणाऱ्या पोरांनी काय करायचं?

वस्तीची_गाडी :

मी एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. डिपार्टमेंटचं नाव घेत नाही, कारण दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणींशी बोलले तर त्यांच्याकडंही हेच चाललंय. आमच्याकडं कोडिंग क्लब आहे, हॅकेथॉनची (सलग बसून प्रोग्रॅम बनवायच्या स्पर्धेची) तयारी करून घेतात, पुण्यातले माजी विद्यार्थी येऊन मॉक इंटरव्ह्यू घेतात, गेल्या वर्षी एका सीनियर दादानं गुगल समर ऑफ कोडचं (ओपन सोर्स संस्थांसाठी मानधनावर कोड लिहायचा गुगलचा कार्यक्रम) प्रपोजल कसं लिहायचं ते बसवून शिकवलं. हे सगळं मला दुसऱ्यांकडनं कळलं, कारण प्रॅक्टिकल सुटल्यावर साडेपाचला हे सुरू होतं आणि तेव्हा आम्ही केएमटीची सिटी बस पकडून एसटी स्टँडकडं निघालेलो असतो. माझं गाव गारगोटीच्या पुढं आत आहे, संध्याकाळची गाडी चुकली की मग वस्तीच्या गाडीशिवाय काही नाही, आणि घरचे रोज रोज त्या गाडीनं येऊ देतील असं नाही. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, त्याचा खूप आधार झाला, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करू?

नोटीस ग्रुपवर येते, ते मान्य. पण नोटिशीतनं संधी मिळत नाही हो. कुठली संस्था नवख्यांना लवकर उत्तर देते, कुठल्या सरांकडं रेकमेंडेशन मागायचं, टीममध्ये कोण कोण आहे, हे सगळं सेशन संपल्यावर चहा पिताना ठरतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला ६ जणांची टीम लागते आणि त्यात किमान एक मुलगी हवीच असा नियम आहे. चांगला नियम आहे. पण आमच्याकडं काय होतं, पाच पोरांची टीम आधीच जमलेली असते आणि शेवटच्या दिवशी ‘तुझं नाव घालू का’ असा मेसेज येतो, मग स्लाईड्स नीट कर एवढंच काम हातात. मला जावामध्ये बॅकएंड (ॲपचा मागचा, न दिसणारा भाग) लिहिता येतं हे त्यांना माहीत असायचं कारणच नाही, कधी सोबत बसलेलोच नाही.

आपण कोल्हापूरची पोरं, आपल्याला हे कुणी वेगळं सांगायला नको. राजाराम कॉलेज १८८० पासून होतं, पण खेड्यातलं पोरगं शिकायला येऊन राहणार कुठं, हा प्रश्न शाहू महाराजांनी ओळखला, १९०१ साली मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं, पुढं मुस्लिम, लिंगायत, मिस क्लार्क अशी रांगच लागली. दार उघडं आहे म्हटल्यानं काही होत नाही, दारापर्यंत पोचायची सोय लागते.

माझं म्हणणं एवढंच: आठवड्यातले दोन तास क्लबसाठी टाइमटेबलमध्येच ठेवा, दुपारी. टीम त्या दोन तासांत जमवा. बाकी संध्याकाळी काय करायचं ते करा.

कळंबा_रोड :

मी असाच एक क्लब दोन वर्षं चालवलाय त्यामुळं मोकळेपणानं लिहितो, राग मानू नका. टाइमटेबलमध्ये गेलं की क्लब मेला. आज येणारं पोरगं मनानं येतं, उद्या हजेरी लागणार, सह्या होणार, फोटो काढून फाईलला लावणार, कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकला दाखवणार, आणि ज्याला कोडिंगमध्ये रस नाही तो शेवटच्या बाकावर मोबाईल बघत बसणार. असले ‘अनिवार्य उपक्रम’ आपण बारावीपर्यंत भरपूर बघितलेत.

दुसरं म्हणजे लॅब रिकामी कधी असते? साडेपाचनंतरच. आयसीपीसी या कॉलेजांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेचा सराव करायचा तर तिघांत एक मशीन आणि ५ तास सलग, खरी स्पर्धा तशीच असते, ते दोन तासांच्या पिरियडमध्ये बसत नाही. हॅकेथॉनची सॉफ्टवेअर फायनल ३६ तास चालते. ज्यांना तिथं टिकायचंय त्यांनी एखादी रात्र लॅबमध्ये काढलेली बरी.

आणि गुगल समर ऑफ कोडला कुणी अडवलंय? २००५ पासून हे सगळं घरबसल्याच आहे. संस्थांची यादी फेब्रुवारीत सगळ्यांना दिसते, मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट दिसतात, मेंटरशी चॅटवर बोलता येतं, २०२२ पासून तर विद्यार्थी असायचीही अट राहिली नाही. आमच्या डिपार्टमेंटच्या लॅबशी त्याचा काही संबंध नाही. जो रात्री बसून इश्यू (प्रोजेक्टमध्ये नोंदवलेल्या अडचणी) सोडवतो त्याला मिळतं.

मुरगूडचा_पोरगा :

दादा, रात्री बसून कुठं? आमच्या घरात एक टॉवरची काडी येते ती माळ्यावर. पहाटे धार काढून डेअरीला दूध घालून मग मी कॉलेजला येतो, रात्री दहाला डोळे उघडे राहत नाहीत. तक्रार नाही, घरचं काम आहे ते करणारच. पण ‘घरबसल्या’ म्हणताना घर कसलं आहे हेही बघा की जरा.

तरी ताईंचं पण पूर्ण पटत नाही मला. दोन तास दिले तरी माझं काम होत नाही, कारण मी दोन तास ऐकेन आणि घरी जाऊन अडेन. मला लिहिलेलं पाहिजे. सीनियरनी जे सांगितलं ते साध्या मराठीत दोन पानं लिहून ग्रुपवर टाका, पहिल्यांदा रेपो फोर्क कसा करायचा (दुसऱ्यांच्या कोडची आपली प्रत कशी काढायची), मेंटरला पहिला मेसेज कसा लिहायचा, काय लिहिलं की ते दुर्लक्ष करतात. इंग्रजीत व्हिडिओ हजार आहेत हो, पण इंग्रजीत बिचकायला होतंय म्हणून तर अडतोय. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतनं लिनक्स शिकलो मी, बसमध्ये डाउनलोड करून. तसलं काहीतरी डिपार्टमेंटनं करावं.

हिंजवडीत_सध्या :

माजी विद्यार्थी म्हणून बोलतो. आम्ही शनिवारी स्वतःच्या पेट्रोलनं येतो, पुण्याहून निघून दुपार होते, मग संध्याकाळशिवाय वेळ कुठली? कंपनी आम्हाला बुधवारी दुपारची सुट्टी देणार नाही. आम्ही पण खेड्यातनंच आलो, माझं गाव चंदगड तालुक्यातलं. सागरमाळला तिघांत एक खोली घेतली, डबा लावला, सुट्टीत काम केलं आणि शिकलो. काहीतरी सोडावं लागतं. इथं मुलाखतीत कुणी विचारत नाही की तुमची गाडी किती वाजताची होती. ही सवय आत्ताच लागलेली बरी.

वस्तीची_गाडी :

दादा तुम्ही येता त्याबद्दल मनापासून आदर आहे, पण खोलीचं एवढं सोपं नाही. भाडं, डबा, डिपॉझिट हे एक, आणि मुलीला तिघींत का होईना खोलीवर ठेवायला घर तयार व्हायला लागतं हे दुसरं. माझ्या वर्गात दोघी अशा आहेत की एम.एस्सी.ला यायची परवानगीच ‘रोज घरी येशील’ या अटीवर मिळालीय. त्यांनी काय सोडायचं? शिक्षण?

आणि मी घरी काही करत नाही असं नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसीचं (ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा प्रकल्प) निवडीसाठीचं स्क्रीनिंग टास्क मी घरूनच केलं. पण ते आहे हे मला कसं कळलं? सरांनी सकाळच्या लेक्चरमध्ये पाच मिनिटं फळ्यावर लिहून सांगितलं म्हणून. त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांना कळलं, शहरातल्यांना आणि आमच्यासारख्यांना एकाच वेळी. संध्याकाळच्या सेशनमध्ये सांगितलं असतं तर मला महिन्यानं कळलं असतं, मुदत संपल्यावर. हाच फरक आहे, आणि मेहनतीचा त्याच्याशी संबंध नाही.

फळा_आणि_खडू :

मी शिकवतो, त्यामुळं आतली बाजू सांगतो. एनईपीनंतर (नवीन शिक्षण धोरण) एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच ४ क्रेडिटचं ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आलंय, वर रिसर्च प्रोजेक्ट आहे, बॅचेस पाडून प्रॅक्टिकल घ्यायची तर लॅब सकाळपासून भरलेली असते. त्यात आमच्यातले बरेच जण सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत, एका कॉलेजातले तास संपवून दुसरीकडं पळतात, त्यांना तासाचे पैसे मिळतात, क्लबचे मिळत नाहीत. त्यामुळं ‘दोन तास ठेवा’ हे लिहायला सोपं, करायला अवघड.

पण अशक्य नाही. लॅब लागतेच कशाला? टीम जमवायला, प्रपोजल वाचून दाखवायला, कोणाला काय येतं हे एकमेकांना कळायला साधी वर्गखोली पुरते. मला ताईंच्या पोस्टमधला हॅकेथॉनचा भाग सगळ्यात जास्त लागला. कॉलेज पातळीवर अंतर्गत फेरी घ्यावी लागतेच, मग ती फेरी दिवसा घ्या आणि टीम आधीच ठरलेल्या आणू नका, प्रॉब्लेम स्टेटमेंट वर्गात वाचा आणि तिथंच गट पाडा. याला कुठल्या परिपत्रकाची गरज नाही.

अजून एक. कर्मवीर अण्णांच्या कमवा आणि शिकाची परंपरा आपल्या भागात आहे, शिवाजी विद्यापीठातही ती योजना चालते. सीनियर विद्यार्थ्यांनी ज्युनियरना दुपारी लॅबमध्ये मदत करायची आणि त्याचं मानधन अशा योजनेतनं द्यायचं, असं केलं तर गरजू पोरांना पैसे आणि बाकीच्यांना शिकवणारं माणूस, दोन्ही होईल.

राजारामपुरी_८वी_गल्ली :

मी शहरातली, क्लबमध्ये आहे, आणि मला या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. सगळे ‘संधी, संधी’ म्हणताहेत. माझ्यासाठी संध्याकाळचं बसणं हे फक्त संधीसाठी नाही. पहिल्या सेमिस्टरला मला रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच बोलावणं) कळत नव्हतं, रडकुंडीला आले होते, आणि सायबर चौकात चहा घेता घेता एका सीनियर ताईनं टिश्यू पेपरवर काढून समजावलं. अशी माणसं पिरियडमध्ये भेटत नाहीत. सगळं दुपारी वर्गात आणलं तर बेल झाली की जो तो उठणार. जे आहे ते मोडू नका एवढंच म्हणते.

टीममध्ये नावापुरती मुलगी घालण्याबद्दल मात्र शंभर टक्के सोबत आहे. ते बंद झालंच पाहिजे आणि त्यासाठी टाइमटेबल बदलायची वाट बघायला नको.

वस्तीची_गाडी :

मोडू नका हे मान्यच आहे गं, मी कुठं म्हटलं संध्याकाळ बंद करा. पण तू जे सांगितलंस ना टिश्यू पेपरचं, ते मला कधीच मिळालं नाही, आणि मला ते हवं होतं. रिकर्शन मी पण अडखळतच शिकले, एकटीनं, गाडीत. आपल्याच वर्गातल्या काही जणांना अशी ताई मिळते आणि काहींना मिळत नाही, आणि ते ठरतं कशावर तर घर कुठल्या रस्त्याला आहे यावर. हे मला मान्य करता येत नाही.

शिरोली_फर्स्ट_शिफ्ट :

मी फाउंड्रीत काम करतो, आयटीवाला नाही, कारखान्याचं ईआरपी (हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर) बघतो म्हणून वाचत होतो. तुम्ही सगळे गुगल आणि पुणे धरून बसलाय. आमच्याकडं शिरोलीत, गोकुळ शिरगावला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीला कितीतरी छोटे कारखाने अजून रिजेक्शन रजिस्टरमध्ये हातानं लिहितात. कुठल्या शिफ्टला, कुठल्या मोल्डला, कशानं कास्टिंग (ओतीव भाग) वाया गेलं, ब्लोहोल (आत हवेची पोकळी) का श्रिंकेज (थंड होताना आकसणं), वर्षानुवर्षांचा डेटा कागदावर पडून आहे. दोन पोरं ओजेटीला आली होती, सुपरवायझरशी मराठीत बोलली, एक्सेलपासून सुरुवात केली आणि शेवटी एक छोटं ॲप करून दिलं, मालकानं एकाला ठेवून घेतलं. हे काम संध्याकाळी होत नाही, फर्स्ट शिफ्टला माणसं असतात तेव्हाच यावं लागतं. त्या दुपारच्या दोन तासांत महिन्यातनं एकदा कारखान्यात आणा पोरांना. कागल मुरगूडकडच्या पोरांना तर ते घराच्या वाटेवरच पडतंय.

मुरगूडचा_पोरगा :

काका हे एक नंबर. कुणाला भेटायचं, अर्ज कसा करायचा हे डिपार्टमेंटला कळवा, सर बघतील.

कळंबा_रोड :

कारखान्याचं आणि दिवसा टीम पाडायचं पटलं, हे मी क्लबच्या पोरांना सांगतो. सेशनच्या लेखी नोट्सही ठेवता येतील, मराठीत लिहायला मुरगूडच्या भावानं हात लावावा. पण हजेरीवर मी अजून ठाम आहे. रजिस्टर आलं की चांगली पोरं आधी बाहेर पडतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

वस्तीची_गाडी :

हजेरी मलाही नको. पण टाइमटेबलवर छापील पाहिजे, कारण छापील नसेल तर त्या वेळेत कुणीतरी एक्स्ट्रा लेक्चर टाकतं आणि आमचे दोन तास गेले. सरांना विनंती, बुधवारी दुपारी तीन ते पाच मिळतंय का बघा.

फळा_आणि_खडू :

विभागाच्या बैठकीत मांडतो. पण कुणीतरी एकानं नाही, वर्गाच्या सह्यांचं पत्र द्या, गावाचं नाव आणि गाडीची वेळ प्रत्येकाच्या नावापुढं लिहा. तोंडी सांगितलेलं मिनिट्समध्ये येत नाही.

मुरगूडचा_पोरगा :

सर बुधवार नको, बुधवारी आमच्या बॅचचं डीबीएमएसचं (डेटाबेसचं) प्रॅक्टिकल असतंय. गुरुवार बघा.