मक्तेदारी म्हणजे कर्तृत्वाची पावती? सयाजीगंजकर यांना सविस्तर उत्तर

मकरपुराकर

सयाजीगंजकर यांनी काल येथे लिहिले की, कंपनी मोठी होते ती ग्राहकाला स्वस्त आणि चांगले देते म्हणून, आणि मक्तेदारीच्या नावाने ओरडणारे बहुतेक जण स्पर्धेत मागे पडलेलेच असतात. हे वाचून गप्प बसवेना.

त्यांच्या मांडणीत विकणारा आणि शेवटचा ग्राहक एवढे दोघेच आहेत; मधला पुरवठादार त्यांना दिसतच नाही. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत माझा प्लॅस्टिक मोल्डिंगचा लहान कारखाना आहे, आम्ही बाटल्यांची झाकणे बनवतो. पूर्वी आमचा माल तीन कंपन्या घेत असत. त्यांतल्या मोठीने उरलेल्या दोन्ही विकत घेतल्या आणि त्यानंतर दुकानातली बाटली एका पैशानेही महागली नाही. म्हणजे सयाजीगंजकरांच्या हिशेबाने कोणाचेच नुकसान झालेले नाही. मात्र आमचे जे बिल दीड महिन्यात सुटत असे ते आता चार-चार महिने अडकते. वर्षाचा दर त्यांनीच ठरवायचा आणि कच्च्या मालाचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या दाण्याचा, भाव मध्येच चढला तर ती खोट आम्ही सोसायची. लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो की ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे. पण व्याज मागणाऱ्याला पुढची ऑर्डर कोण देणार? दुसरे गिऱ्हाईक असते तर हा कायदा वापरण्याची हिंमत झाली असती.

धोरणाचे म्हणाल तर आपल्या बडोद्याचेच उदाहरण आहे. प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारी आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी १९६९ मध्ये सरकारने उभी केली. २००२ मध्ये तिचे २६ टक्के भाग आणि व्यवस्थापन रिलायन्सकडे गेले आणि २००७ मध्ये ती त्या कंपनीत विलीन झाली. निर्गुंतवणुकीला माझा विरोध नाही, परंतु एका क्षेत्रातले दोन प्रमुख उत्पादक एकाच हाती देण्यापूर्वी या मालावर जगणाऱ्या लहान कारखानदारांचा विचार सरकारने करायला हवा होता.

सयाजीगंजकर

मकरपुराकरांचे पैसे अडकतात हे वाईट आहे, पण ते थकबाकीच्या वसुलीचे दुखणे आहे आणि त्यासाठी मोठेपणालाच गुन्हा ठरवणे मला मान्य नाही. तो प्रयोग या देशाने करून पाहिला आहे. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने २० कोटींची मालमत्ता असलेल्या उद्योगसमूहाला विस्तारासाठीसुद्धा सरकारच्या दारात उभे केले. परिणाम काय झाला? माझ्या वडिलांनी स्कूटर नोंदवली तेव्हा मी शाळेत होतो आणि ती दारात आली तेव्हा माझे कॉलेज संपत आले होते. टेलिफोनची कथा वेगळी नव्हती. ज्यांच्यापासून हा कायदा आम्हाला वाचवणार होता, त्यांच्याच हाती परवान्यांनी बाजार बांधून दिला.

२००२ चा स्पर्धा कायदा अधिक शहाणा आहे. त्याच्या कलम ४ नुसार वर्चस्व असणे हा दोष नाही, त्याचा गैरवापर हा दोष आहे. जिओच्या फुकट सेवेविरुद्धची तक्रार या कायद्याखालच्या स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये फेटाळली, आणि त्या सुमारास डेटा किती स्वस्त झाला हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

चरोतरची माहेरवाशीण

तुम्ही दोघेही सरकार आणि कंपनी यांच्यापलीकडे पाहत नाही. येथून तासाभराच्या अंतरावर आणंद आहे. १९४५ च्या मुंबई दूध योजनेत खेडा जिल्ह्यातले (आणंद तेव्हा त्यातच होते) दूध गोळा करण्याचा हक्क पोल्सन या एकट्या खासगी डेअरीला मिळाला होता, म्हणजे ती मक्तेदारी सरकारनेच बहाल केली होती. शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले आणि १४ डिसेंबर १९४६ रोजी त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली त्यांचा स्वतःचा सहकारी संघ नोंदला गेला, तोच पुढे अमूल म्हणून ओळखला गेला. मक्तेदारी मोडायला आयोग लागला नाही, विकणारे एकत्र आले. माझे बालपण तिथे गेले. सकाळ-संध्याकाळ मंडळीसमोर, म्हणजे गावच्या सहकारी दूध संस्थेसमोर, रांग लागे, दूध मापले जाई, नमुना काढून फॅट तपासली जाई आणि त्यानुसार पैसे मिळत. एकच म्हैस असलेल्या विधवेला आणि दहा म्हशी असलेल्या पाटलाला एकच माप आणि मंडळीच्या निवडणुकीत एकच मत. मकरपुरातले झाकणवाले असे एकत्र का येत नाहीत?

जुना वाडीकर

ताई, ही कथा बडोद्यात सगळ्यांना पाठ आहे. तिचा दुसरा भाग कोणी सांगत नाही. शहरातल्या वाडी भागात आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक गवळी दूध घालत असे. पिशवीचे दूध आले, त्याची घरे एकेक करून सुटली, शेवटी त्याने म्हशी विकल्या आणि मुलगा रिक्षा चालवू लागला. गुजरातेत आज दूध म्हटले की एकच नाव डोळ्यांसमोर येते. हेच एखाद्या खासगी कंपनीने केले असते तर आपण त्याला मक्तेदारी म्हटले असते की नाही?

चरोतरची माहेरवाशीण

काका, आपला राग समजतो, पण तुलना चुकीची आहे. खासगी कंपनीचा नफा भागधारकांकडे जातो. येथे ग्राहकाच्या रुपयातले सुमारे ८० पैसे उत्पादकाकडे परत जातात, असे अमूलचा महासंघ सांगतो, आणि ते उत्पादक सुमारे ३६ लाख आहेत. तुमच्या गवळ्याला मंडळीत दूध घालायला कोणी अडवले होते?

जुना वाडीकर

मंडळी गावात असते, त्याचा गोठा शहरात होता! हे आपल्याला ठाऊक नसेल तर आपण बडोदे पाहिलेलेच नाही. आणि एप्रिल २०२३ मध्ये अमूलने बेंगळुरूत दूध विकण्याचे जाहीर केल्यावर नंदिनी या तिथल्या सहकारी दूध संघाच्या शेतकऱ्यांसाठी कर्नाटकात किती गदारोळ झाला, तेही आठवा. तिथेही समोर सहकारी संघच होता. मोठा तो मोठाच, त्याच्या पाटीवर सहकार लिहिलेला असो की लिमिटेड.

चरोतरची माहेरवाशीण

मी बडोदे पाहिले की नाही हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तीस वर्षे रावपुऱ्यात संसार केला आहे. शहरातल्या गवळ्यांसाठी काही सोय व्हायला हवी होती, एवढे मान्य करते. त्यापुढे नाही.

मकरपुराकर

दुधावरून झाकणांकडे येतो. ताई, दूध सगळ्यांचे सारखेच असते, ते एका टाकीत ओतता येते. आमच्यात प्रत्येकाचा साचा वेगळा, मशीन वेगळे, आणि आपापसांत दर ठरवून माल दिला तर त्याच स्पर्धा कायद्याचे कलम ३ आमच्यावर लागेल. सहकाराची वाट प्रत्येक धंद्याला नाही.

सयाजीगंजकरांचे स्कूटरबद्दलचे म्हणणे मान्य. ते दिवस मलाही परत नको आहेत. पण ज्या आयोगाची ते ग्वाही देतात त्याची गती पाहा. संगनमताबद्दल सिमेंट कंपन्यांना २०१२ मध्ये सुमारे ६,३०० कोटींचा दंड झाला, २०१५ मध्ये अपिलात तो आदेश रद्द झाला, २०१६ मध्ये आयोगाने पुन्हा आदेश दिला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालय. एवढ्या काळात माझ्यासारखे कितीतरी कारखाने बंद पडतील.

सयाजीगंजकर

गतीबद्दल वाद घालणार नाही. पैशांच्या बाबतीतही, जीएसटीच्या बिलांवर तारीख असतेच, तेव्हा तक्रारीची वाट न पाहता सरकारने स्वतःच ४५ दिवसांचा हिशेब तपासावा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. मात्र उद्या कोणी कंपनी विकायला काढली तर ती मोठ्याला विकू नये, असे म्हणणार असाल तर मी विरोधातच उभा राहीन.

मकरपुराकर

विकू नये असे मी म्हणत नाही. विकत घेतलेली कंपनी लहान असली, तिची मालमत्ता आणि उलाढाल ठरलेल्या मर्यादेखाली असली, की तो व्यवहार आयोगाच्या टेबलावर सहसा येतच नाही. आमची दोन्ही गिऱ्हाइके अशीच गेली. त्या दोघांना माल देणाऱ्यांना एक पत्र पाठवून, आता तुम्हाला दुसरा खरेदीदार उरतो का, एवढे तरी व्यवहारापूर्वी विचारले जावे. याला तुमचा विरोध आहे का, ते आधी सांगा.