मदत हवी आहे: ३८४ वेलच्या प्लेटवर झेड-प्राइम घसरतोय

मंडळी, पेशी जिवंत किती हे मोजणारी आमची चाचणी ९६ वेलच्या (म्हणजे ९६ छोट्या खाचांच्या) प्लेटमध्ये छान बसली होती, झेड-प्राइम (चाचणी किती भरवशाची हे सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) ०.७ च्या आसपास. स्क्रीनिंग सेवेकडे (एकदम खूप संयुगं तपासून देणाऱ्या) पाठवायची म्हणून ३८४ वर आणली, तर थेट ०.४. निदान ०.५ तरी हवा ना! हीटमॅप (प्रत्येक वेलचं मोजमाप रंगात दाखवणारा नकाशा) पाहिला, कडेच्या ७६ वेलमध्येच सिग्नल पडलेला. ७२ तास इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे बाष्पीभवनच असणार. त्यात कंट्रोल (ज्यांच्यावरून झेड-प्राइम काढतात ते तुलनेचे वेल) नेमके पहिल्या आणि शेवटच्या कॉलममध्ये ठेवले, ही माझीच हुशारी.

कडा मोकळ्या सोडल्या तर संयुगं कमी बसतात. पेशी टाकल्यावर प्लेट थोडा वेळ बाहेरच ठेवून किंवा हवा खेळणारं सील लावून कोणी हे आटोक्यात आणलंय का? किती वेळ ठेवता?