मदत हवी आहे : दंडांसाठी लायपोसक्शन की कातडी काढण्याची शस्त्रक्रिया?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते, वय ४६. वजन ९६ किलो होतं. आहार सांभाळून आणि चालून ते ६७ वर आलं आणि गेलं वर्षभर तिथेच टिकून आहे. शुगर नाही, थायरॉइडची गोळी चालू आहे. बाकी अंग बऱ्यापैकी आटोपशीर झालं, पण दंडांची कातडी काखेपासून कोपरापर्यंत लोंबतेय. व्यायाम मनापासून केले. आतला स्नायू घट्ट झालाय, हाताला लागतो, कातडी मात्र त्याला सोडून खाली लटकते.

लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून झाले. पण पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात काखेजवळच्या घडीत घाम साचून पुरळ येतं, त्वचा सोलवटते. लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहिलं की नेमकी तीच जागा चुरचुरते. मलमाने बरं होतं, पुन्हा येतं. दिसण्याचंही वाईट वाटतं, ते लपवत नाही.

एका क्लिनिकमध्ये सांगितलं की लायपोसक्शन करू, म्हणजे नळीने चरबी ओढून काढू, बारीक छिद्रं, त्याच दिवशी घरी, कातडी आपोआप आवळेल. दुसरीकडे प्लास्टिक सर्जनना दाखवलं. त्यांनी दंड चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाले, चरबी फारशी उरलेलीच नाही, जादा कातडी कापावी लागेल. व्रण काखेपासून कोपरापर्यंत आणि कायमचा.

व्रणाचीच मला धास्ती आहे. दंडावरची बीसीजीच्या लशीची खूण अजून फुगलेली, कडक आहे, खाजते. कान टोचले होते तिथेही गाठ आली होती. शिवाय घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून बसवणं, कूस बदलणं माझ्याकडे आहे.

कातडी इतकी सैल असताना कुणी नुसतं लायपोसक्शन केलंय का? आणि मोठी शस्त्रक्रिया केलेल्यांनी व्रण पुढे कसा दिसतो ते कृपया खरंखरं सांगा.

रानजाई :
ताई, मी बॅरिअ‍ॅट्रिक (वजन उतरवण्याच्या) शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावल्यावर दोन्ही दंडांची ब्रॅकिओप्लास्टी, म्हणजे जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया केली. सुरुवातीचे दिवस कठीण असतात. हात उशांवर उंच ठेवून झोपायचं, वेणी घालायलासुद्धा कुणीतरी लागतं, घट्ट दाबबाह्या काही आठवडे रात्रंदिवस. एका काखेत पाणी साचलं होतं, ते सुईने काढलं. कोपराच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, तो थोडा अजून आहे. व्रण आधी लालभडक आणि जाड दिसला तेव्हा मी रडले होते. वर्ष-दीड वर्षात तो फिकट, सपाट झाला. हात वर केला की दिसतो. पण पुरळ गेलं ते गेलंच. मला पुन्हा ठरवायचं असतं तरी हेच ठरवलं असतं.

गवतफुला :
मी भूलतज्ज्ञ आहे, अशा शस्त्रक्रियांना उभी असते. लायपोसक्शन चरबी ओढून काढतं, कातडीला हात लावत नाही. ती आवळणं तिच्या लवचिकतेवर असतं, आणि बरीच वर्षं ताणलेली कातडी एवढं वजन उतरल्यावर फारशी आवळत नाही. उशीतला कापूस काढला तर अभ्रा सैलच पडणार. तुमच्या बाबतीत दंड आणखी लोंबेल ही शक्यता जास्त. काखेतच व्रण लपवणारी छोटी शस्त्रक्रियाही असते, पण ती काखेजवळ थोडीच सैल कातडी असेल तर. तुमची कोपरापर्यंत आहे. चरबी आणि कातडी दोन्ही जादा असतील तर दोन्ही एकत्रही करतात.

खरा प्रश्न केलॉइडचा, म्हणजे जखमेपेक्षा मोठा फुगत जाणाऱ्या व्रणाचा आहे. बीसीजीची खूण बऱ्याच जणांची फुगते, पण कानावरही गाठ आली होती हे सर्जनना आवर्जून सांगा, दोन्ही जागा दाखवा. सिलिकॉनच्या पट्ट्या, स्टेरॉइडची इंजेक्शनं असे उपाय आहेत, तरी केलॉइड येणारच नाही असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठा. सर्जनची पदवी प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे ना, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलची नोंदणी आहे ना, हे पाहा. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, प्रथिनं आधी तपासून घ्या. प्रथिनं कमी असतील तर टाके नीट भरत नाहीत. तटस्थ मत हवं असेल तर केईएम, सायन, नायर इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. रांग असते, पण तिथे पॅकेज गळ्यात मारायची कुणाला घाई नसते.

जड उचलणं साधारण सहा आठवडे बंद. माणूस उचलायचा तर सर्जनना विचारल्याशिवाय अजिबात नको, टाके उसवतात.

लेणं :
मेडिक्लेममध्ये सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया सहसा बसत नाही. पुरळाच्या उपचाराचे सगळे कागद जपून ठेवा आणि कंपनीला आधीच लेखी विचारा.

मूळ प्रश्नकर्ती :
रानजाई, व्रणाबद्दल इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. गवतफुलाताई, तुमच्यामुळे नुसत्या लायपोसक्शनचा विचार सोडला. आधी कानाची आणि बीसीजीची जागा दाखवून घेते, पुढचं त्यावर. सासूबाईंची पक्की सोय झाल्याशिवाय तारीख घेणार नाही. मुलुंड-भांडुप भागात अंथरुणावरच्या माणसाला नीट उचलता येणाऱ्या, प्रेमाने वागणाऱ्या आया पुरवणारा ब्यूरो कुणाच्या खात्रीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्ही लागतील.