वर्ड्सवर्थचे ‘द वर्ल्ड इज टू मच विथ अस’ : कलाटणी नक्की कुठे?

प्रश्न (सातारा, बी.ए. इंग्रजी)
गाइडमध्ये लिहिलंय की वर्ड्सवर्थची ही कविता पेट्रार्कन सुनीत (सॉनेट) आहे, आठ अधिक सहा ओळी, आणि कलाटणी, म्हणजे विचार वळतो ती जागा, नवव्या ओळीच्या आरंभी. पण ती ओळ ‘इट मूव्ह्ज अस नॉट’ अशी सुरू होते. तिथे तर निसर्ग आपल्याला हलवत नाही ही आधीचीच तक्रार चालू आहे! शिवाय शेवटी प्रोटियस आणि ट्रायटन कशासाठी? आणि दहा मार्कांच्या उत्तरात भौतिकवादावर किती लिहायचं?

अजिंक्यतारा
शंका रास्त आहे. आधी यमकं मांडा: सून, पॉवर्स, अवर्स, बून, मून, अवर्स, फ्लॉवर्स, ट्यून, म्हणजे कखखक कखखक. (पहिलं ‘अवर्स’ म्हणजे आपलं, दुसरं तासांचं.) पुढे बी, आउटवॉर्न, ली, फॉर्लॉर्न, सी, हॉर्न, म्हणजे गघगघगघ. यमकांचा सांधा आठव्या ओळीनंतर आहे. अर्थ मात्र नवव्या ओळीत चार अक्षरं पुढे जाऊन ‘नॉट’च्या पूर्णविरामावर थांबतो. खरी कलाटणी त्यानंतरच्या ‘ग्रेट गॉड!’ला. पुरावा सर्वनामांत मिळतो: तिथपर्यंत ‘वी’, ‘अस’, ‘अवर’, नंतर फक्त ‘आय’ आणि ‘मी’. उत्तरात हे लिहाच. सांधा असा पुढे सरकवणं मिल्टनच्या सुनीतांतही दिसतं, आणि मे १८०२ मध्ये बहीण डॉरथीने तीच वाचून दाखवल्यावर वर्ड्सवर्थ या प्रकाराकडे वळला होता.

मिरजकर
वृत्ताबद्दल थोडं. ओळीला दहा अक्षरं, आघात साधारण दर दुसऱ्या अक्षरावर. ‘पॉवर्स’, ‘फ्लॉवर्स’ आणि दोन्ही ‘अवर्स’ इथे एकेकच अक्षराचे. दोन धरले की ओळ अकरावर जाते. शेवटच्या ओळीत उलटं आहे. ट्रायटनच्या ‘रीदेड हॉर्न’मधल्या ‘रीदेड’ची दोन अक्षरं उच्चारायची, नाहीतर नऊच भरतात. तिथे फुलांचा हार घातलेलं शिंग असा अर्थ अनेकजण लावतात, पण तो पीळदार शंख आहे. दुसरी ओळ ‘गेटिंग’च्या आघातानेच सुरू होते, मिळवण्या-खर्चण्याची घाई तिथे कानाला जाणवते.

वाईचा घाट
कृष्णाबाईचा उत्सव पाहिलेल्याला शेवटच्या सहा ओळी परक्या वाटू नयेत. आपल्याकडे नदी ही बाई असते, तिची ओटी भरतात. या कवितेतही समुद्र पाचव्या ओळीतच स्त्री झालेला आहे, चंद्रासमोर ऊर उघडून. वारे मिटलेल्या फुलांसारखे निजलेत. पण ‘आपण’ त्याने हलत नाही. शेवटी त्याच समुद्राला नावं मिळतात. प्रोटियस हा रूपं बदलणारा सागरवृद्ध, ट्रायटन हा ग्रीक समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, त्याच्या शंखाने लाटा उसळतात किंवा शमतात. म्हणजे ही नावं सजावटीची नाहीत.

चूक पुढे होते. ‘कवी पेगन (जुन्या, ख्रिस्तेतर देवदेवतांच्या) धर्माचा पुरस्कार करतो’ असं लिहू नका. त्या श्रद्धेला तो स्वतःच ‘आउटवॉर्न’ (जीर्ण) म्हणतो, आणि ‘आय’ड रादर बी’ (त्यापेक्षा मी तसा असतो तर) ही नुसती इच्छा आहे. ईश्वराला हाक मारून त्याच दमात पेगन असतो तर बरं होतं म्हणणं, हा धक्का उत्तरात यायला हवा.

आता भौतिकवाद. कवितेत कारखाना, धूर, यंत्र काहीच नाही. सुनीत १८०२च्या सुमाराचं, छापलं १८०७ मध्ये; औद्योगिक क्रांतीवर दोन वाक्यं पुरेत, पानभर नको. ‘शहर वाईट, खेडं चांगलं’ हेही टाळा, कारण १८०७च्या त्याच संग्रहात पहाटेच्या लंडनची स्तुती करणारं वेस्टमिन्स्टर पुलावरचं सुनीत आहे. चौथ्या ओळीवर मात्र थांबा. हृदय कुणी लुटून नेलेलं नाही, आपणच देऊन टाकलं, आणि त्या देण्याला कवी ‘सॉर्डिड बून’ म्हणतो: वरदान, पण मळलेलं.

प्रश्नकर्ता
‘सॉर्डिड बून’ला अलंकार कोणता लिहू?

मिरजकर
ऑक्सिमोरॉन, म्हणजे परस्परविरोधी शब्दांची जोडी. नाव लिहून थांबू नका. देणगी मळकी का, हे ‘गेटिंग अँड स्पेंडिंग’शी जोडून एका वाक्यात सांगा.