मदत हवी आहे: तंबाखू सोडणाऱ्यांचा पाठपुरावा मेडिकलमधून कसा करता?
निपाणीत माझं मेडिकल आहे. निकोटिन गम (तंबाखूची तलफ कमी करायला चघळतात तो) नेणारे चार दिवसांत हात टेकतात. परवा एका आजोबांनी गमची उरलेली पट्टी काउंटरवर ठेवली, "उचक्या लागतात, घशात जळजळतंय, नको." इकडे बहुतेक जण चुना मळून खाणारे, गमही तसाच भराभर चावून रस गिळतात. झिणझिण्या आल्या की थांबा, गालात धरा, आधी १५ मिनिटं चहा नको, हे मी करून दाखवतो. क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर १८००-११-२३५६ चिठ्ठीवर लिहून देतो, पण म्हातारी माणसं फोन लावत नाहीत. मनाला फार लागतं.

२ मिग्रॅचाच देतो. ४ मिग्रॅ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. हृदयविकारवाले, गरोदर बायका थेट डॉक्टरांकडे. मी एकटाच, माणशी पाच मिनिटं मिळतात. फार्मासिस्ट मंडळी, पहिल्या आठवड्यात गिऱ्हाइकाला कितव्या दिवशी परत बोलावता आणि नेमकं काय विचारता?